शेकड्यामागे दोन

माझी धाकटी जाऊ हुशार आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी ते मला ऐकवायला नको. गेली पाच वर्षं सगळे ऐकवतच आहेत. सासूबाई ऐकवतात, नवरा ऐकवतो, कारखान्याच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा ऐकवतो. आणि तिला या कारखान्यात चिकटवली कोणी? मी. डिस्पॅचला जागा रिकामी आहे म्हटल्यावर मालकांकडे शब्द टाकणारी मीच. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तर माझ्यासारखा नेम धरून मारावा.

आमच्या कारखान्यात चाकाच्या खुर्च्या तयार होतात, दवाखान्यात लागतात त्या. मी तिथलं स्टोअर सांभाळते, त्याला एकवीस वर्षं झाली. नळ्या, गाद्या, ब्रेक, रंग, नटबोल्ट, खुर्चीला जे जे लागतं ते गेटमधून आत आलं की माझ्याकडे येतं आणि माझ्या सहीने लाईनवर जातं. तयार खुर्च्या खोक्यांत भरून रवाना करायचं काम धाकटीचं. म्हणजे आत येणारं माझं आणि बाहेर जाणारं तिचं. घरीही तसंच, आम्ही खाली आणि ती वर. सासूबाई राहतात माझ्याकडे आणि दिवसभर कौतुक करतात वरच्या सुनेचं. त्यांच्या औषधांसाठी मी कारखान्यातल्या फिटरकडून छोटी तीनचाकी गाडी बनवून आणली, ती बोटाने ढकलली तरी पलंगापर्यंत जाते. त्या गाडीवरच्या औषधांच्या वेळा धाकटीने एका कागदावर लिहून चिकटवल्या, तर आल्यागेल्याला सासूबाई तो कागद दाखवतात. गाडी कुणाला दिसत नाही.

आता माझी पद्धत सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरून झालं. खुर्चीची पुढची दोन छोटी चाकं असतात, एकेका चाकात दोन बेअरिंगं, म्हणजे खुर्चीमागे चार. या बेअरिंगांचा माल आला की शेकड्यामागे दोन मी बाजूला काढायची. अठ्ठ्याण्णव कॉम्प्युटरवर चढवायची आणि दोन मागच्या रॅकवर, रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. विकायला नव्हे. महिनाअखेरीला खुर्च्यांची घाई उडते आणि बेअरिंगं नेमकी तेव्हाच संपतात. लाईनच्या सुपरवायझरना सगळे आत्तासाहेब म्हणतात, कारण त्यांना प्रत्येक वस्तू आत्ताच हवी असते. ते माझ्या खिडकीशी येऊन डोकं धरून उभे राहायचे. मी त्यांना दहा मिनिटं तसंच उभं ठेवायची. मग आत जाऊन ट्रे भरून बेअरिंगं आणायची आणि नोंद न करता त्यांच्या हातात द्यायची. कुठून आणलीत असं त्यांनी विचारलं की मी म्हणायची, आहे आमची जादू. एकवीस वर्षांत बेअरिंगसाठी आमची लाईन एकदाही थांबली नाही. ती दहा मिनिटं मला फार प्रिय होती.

गेल्या वर्षी मालकांनी नवं गोदाम बांधायला काढलं. त्याच्या प्रमुखाला काचेची केबिन आणि हाताखाली सहा माणसं. ती केबिन माझी, हे भिंती उभ्या राहायच्या आधीपासून सगळे धरून चालले होते, आणि मी तर तिथे टेबल कुठे ठेवायचं तेसुद्धा ठरवलं होतं. मग मालकांच्या डोक्यात शिक्षण शिरलं. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन मॅनेजमेंटची तोंडओळख, बारा शनिवार, दुपारी कँटीनमध्ये. कॉलेजातले सर शिकवायला येणार. शेवटी प्रत्येकाने एकेका वस्तूचा अभ्यास मांडायचा आणि ज्याचा अभ्यास चांगला त्याला गोदाम. एकवीस वर्षं ज्या वस्तू मी अंधारात हात घालून ओळखते, त्यांची मला आता तोंडओळख करून देणार होते.

पहिल्या शनिवारी सरांनी खेळ मांडला. चार टेबलं ओळीने लावली. पहिलं दुकानदाराचं, त्याच्यामागे घाऊक व्यापारी, त्याच्यामागे वितरक, शेवटी कारखाना. गिऱ्हाईक दुकानदाराकडे नट मागणार, दुकानदाराने मागच्याला चिठ्ठी द्यायची, त्याने त्याच्या मागच्याला, आणि माल दोन फेऱ्यांनी पुढे येणार. आपसात बोलायचं नाही. धाकटी दुकानदार झाली आणि मी वितरक. चिठ्ठीत आठ आले की मी बारा मागवायची, बारा आले की वीस. कमी पडायला नको, हा माझा जन्माचा स्वभाव. मध्येच धाकटीने मान वळवून हळूच म्हटलं, "ताई, गिऱ्हाईकाला दर वेळी आठच हवेत. जास्त नका मागवू."

मला वाटलं, कालची पोर मला शिकवते. मी मुद्दाम चाळीस मागवले. खेळ संपला तेव्हा माझ्या टेबलावर नटांचा ढीग झाला होता आणि पुढे ठेवायला जागा नव्हती. सर म्हणाले की यात दोष कुणा एकाचा नाही, प्रत्येकजण पुढच्या टेबलाकडे न बघता थोडं थोडं जास्त मागतो आणि मागे जाता जाता त्याचा डोंगर होतो. पण हसले सगळे माझ्याच ढिगाकडे बघून. आणि नियम मोडून बोललेल्या धाकटीला सर म्हणाले की हिने केलं तेच खरं करायला हवं, पुढच्याला खरोखर किती लागतं ते मागच्याला कळलं पाहिजे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कानामागून आली आणि तिखट झाली, अशी म्हण कुणीतरी माझ्यासाठीच करून ठेवली असावी.

पुढचे शनिवार असेच गेले. रोज किती लागतं, मागवल्यावर किती दिवसांनी येतं, त्यावरून मागणी कधी नोंदवायची, हे सर फळ्यावर मांडायचे. हे सगळं मला तोंडपाठ होतं, पण कागदावर लिहायला सांगितलं की माझं पेन अडायचं. धाकटीचं पेन अडायचं नाही. तिच्या वहीत पट्टीने मारलेल्या रेघा, लाल आणि निळ्या. सर तिची वही वर्गाला दाखवायचे. मी खिडकीबाहेर बघायची. रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं की वर्ग कसा चाललाय, तर मी त्याच्यावरच डाफरले.

अभ्यासासाठी वस्तू निवडायची वेळ आली तेव्हा मी गादीचं कापड घेतलं. धाकटीने बेअरिंग घेतलं. कारखान्यात चारशे वस्तू पडल्या होत्या, हिला माझं बेअरिंगच दिसलं. त्याच दिवशी खिडकीशी येऊन तिने गोड आवाजात स्टोअरच्या दोन वर्षांच्या नोंदी मागितल्या. मी कागद छापून दिले. डब्यांबद्दल बोलले नाही. नोंदीत दिसतात त्याहून जास्त बेअरिंगं लाईनवर जातात हे मला माहीत होतं, म्हणजे त्या नोंदींवर मांडलेलं तिचं गणित तोंडावर आपटणार होतं. त्या दिवशी मी चहात साखर जरा जास्तच घातली.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. आठवड्याने बघते तर ही गेटवर वॉचमनच्या स्टुलावर बसून त्याच्या रजिस्टरमधून आकडे उतरवते आहे. गेटच्या रजिस्टरमध्ये गाडीतून आलेला माल जसाच्या तसा लिहितात, शंभर म्हणजे शंभर. किती खुर्च्या बाहेर गेल्या हे तर तिच्याच हातात होतं. गेटमधून किती आली, खुर्च्यांत बसून किती गेली आणि माझ्या कपाटात किती उरली, एवढी वजाबाकी पाचवीतलं मूलही करेल.

मग एका दुपारी ती मला मागच्या रॅकसमोर दिसली. हात मागे बांधून उभी होती आणि रंगाच्या तीन डब्यांकडे बघत होती. मला बघितल्यावर नुसती हसली आणि गेली. चोराच्या मनात चांदणं. मला त्या हसण्यात सगळं दिसलं: शनिवारी फळ्यासमोर उभी राहून ही सांगणार की स्टोअरमधून बेअरिंगं गायब होतात, मालक माझ्याकडे बघणार, आत्तासाहेब माझ्याकडे बघणार. एकवीस वर्षांचं नाव पाच मिनिटांत धुळीला मिळणार.

डबे कपाटात रिकामे करून कॉम्प्युटरवर चढवता आले असते. मालकांना जाऊन खरं सांगता आलं असतं. दोन्ही सुचलं होतं, खोटं कशाला बोलू. पण दोन्हीत तिचं गणित बरोबर ठरत होतं, आणि ते मला बघवणार नव्हतं. गुरुवारी भंगारवाल्याची गाडी आली. मी तिन्ही डब्यांची झाकणं ठोकून बसवली आणि वाकड्या नळ्यांच्या बरोबर डबेही दिले. भंगारवाल्याने वजन केलं, कागद फाडला, मी सही केली. कार्बनखालची प्रत नेहमीप्रमाणे माझ्या खणात गेली. स्टोअरच्या माणसाला कागद टाकवत नाही.

शनिवारी माझा गादीच्या कापडाचा अभ्यास दहा मिनिटांत आटोपला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जशा वाजवायच्या तशा. मग धाकटी उठली. तिने रोजची गरज मांडली, माल यायला लागणारे दिवस मांडले आणि शेवटी एक हिरवी रेघ ओढली. तिच्याखाली लिहिलं, चारशे बारा.

"ही रेघ माझी नाही, आमच्या ताईंची आहे," ती म्हणाली. "सरांनी राखीव साठा शिकवला, अडचणीच्या दिवसांसाठी बाजूला ठेवायचा तो. ताई तो एकवीस वर्षं ठेवतायत. बेअरिंगसाठी आपली लाईन कधी थांबली नाही ती यामुळे. फक्त तो कुठे लिहिलेला नाही. तो लिहावा, एवढंच माझं म्हणणं आहे."

पुढे तिने सांगितलं की बेअरिंगवाल्यांचं यंत्र बिघडलंय आणि या वेळचा माल अडीच दिवस उशिरा येणार. पण रोज चाळीस खुर्च्या धरल्या तर चारशे बारात अडीच दिवस निघतात, म्हणून तिने आत्तासाहेबांशी बोलून दुसरीकडून घाईने माल मागवला नव्हता. आत्तासाहेब मान डोलावत होते आणि माझ्याकडे बघून हसत होते. जादू कळली म्हणून हसत होते. मालक खूश होऊन उठले आणि म्हणाले, "चला, ताईंचा साठा बघू तरी."

सगळे धाकटीबरोबर मागच्या रॅककडे निघाले. मी सगळ्यात शेवटी. फळीवरच्या धुळीत तीन गोल डाग होते, बाकी काही नव्हतं.

मालकांनी विचारलं. मी म्हटलं, इथे रंगाचे रिकामे डबे होते, गुरुवारी भंगारात दिले.

"आणि बेअरिंगं?"

तेव्हा खरं बोलायला एक श्वास पुरला असता. धाकटी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, तर उत्तराची वाट बघत होती, वर्गात बघायची तशी. मी म्हटलं, "कसली बेअरिंगं? माझ्याकडे असला साठा कधीच नव्हता. नोंदीत आहे तेवढंच."

आत्तासाहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी वर्षं नोंद न करता माल घेतला, हे सांगायला गेले तर तेही अडकणार होते. धाकटीने वाकून ते तीन डाग बघितले. मग म्हणाली, "माझी वजाबाकी चुकली असेल." कँटीनमध्ये परत जाऊन तिने हिरवी रेघ स्वतःच्या हाताने पुसली.

आता घाईने मागवूनही माल वेळेत येणार नव्हता, आणि पुढच्या आठवड्यात लाईन थांबली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. चाळीस माणसं हात बांधून बसली आणि आत्तासाहेब माझ्या खिडकीशी आलेसुद्धा नाहीत. लाईन बुधवारी सकाळी थांबली आणि शुक्रवारी दुपारी सुरू झाली. अडीच दिवस. तिच्या कागदावर होते तेवढेच, पण ते माझ्याखेरीज कुणाच्या ध्यानात आलं नाही. शनिवारी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून नव्या गोदामाची किल्ली दिली. म्हणाले, शेवटी अनुभव तो अनुभव, पुस्तकी हिशेबाने कारखाना चालत नाही. मी किल्ली पर्समध्ये टाकली. आनंद व्हायला हवा होता. दिवसभर वाट बघितली, तो काही झाला नाही.

रविवारी दुपारी सासूबाई जेवून पडल्या होत्या. धाकटी खाली आली, त्यांच्या गोळ्या बघितल्या, आणि गाडीशेजारी जमिनीवर बसली. हातात ती वही होती. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मला वाटलं, आता भांडण. मी तयारीतच होते, दोन-चार वाक्यं तर जिभेवर आणून ठेवली होती.

"ताई, गोदाम तुमचंच होतं," ती म्हणाली. "मला ते नकोच होतं. मला वाटलं होतं, तुमची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली की तुम्हाला बरं वाटेल. आधी विचारायला हवं होतं, ते चुकलंच माझं." मग तिने वही उघडली. "पण मला झोप येत नाहीये. तीन वेळा मांडून बघितलं, दर वेळी चारशे बाराच येतात. तुमच्या रॅकला तुम्हाला न विचारता हात लावला नाही, म्हणून मोजता आली नाहीत. मी कुणाला सांगणार नाही. मला एवढंच सांगा, डब्यांत किती होती?"

जिभेवरची वाक्यं कुठच्या कुठे गेली. किती होती? मी घडी घालता घालता थांबले. एकवीस वर्षं मी ती टाकली, काढली, झाकली, त्यांच्या जिवावर मिरवले. या बाईने डब्याला बोट न लावता आकडा काढला होता.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी कधी मोजलीच नाहीत."

मी उठले, पर्समधून भंगारवाल्याच्या कागदाची प्रत काढली आणि तिच्या वहीवर ठेवली. शनिवारी खणातून ती मी का उचलून आणली होती, मला सांगता येणार नाही. रंगाचे डबे, नग तीन, साडेएकवीस किलो. खाली माझी सही. ती कागदाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं आता ती मला काहीतरी बोलेल, आणि बोलायलाच हवं होतं. पण तिने डोळे पुसले आणि विचारलं, "रिकामा डबा किती वजनाचा असतो?"

"चारशे ग्रॅम."

"आणि बेअरिंग?"

"पन्नास."

तिने पेन काढलं. डब्यांचे एक किलो दोनशे वजा. उरले वीस किलो तीनशे. भागिले पन्नास. मी उभ्या उभ्या तिच्या खांद्यावरून बघत होते. चारशे सहा आले. तिने पुन्हा केलं. चारशे सहा. तिचा चेहरा उतरला आणि, देवाशप्पथ, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात एक बारीकशी उकळी फुटली, की चुकली एकदाची.

"सहा कमी येतात," ती म्हणाली.

माझी नजर तिच्या कोपराशी असलेल्या औषधांच्या गाडीवर गेली. तीन चाकं. फिटर म्हणाला होता, ताई, चाकं मी देतो, बेअरिंगं तुम्ही द्या. मी डब्यातून काढून दिली होती आणि विसरून गेले होते. गप्प बसले असते तर तिचं गणित जन्मभर सहाने चुकलेलं राहिलं असतं. तसंच राहू द्यावं, असं वाटलंसुद्धा. मग गाडीला पायाने जरासं ढकललं, ती आवाज न करता पलंगापर्यंत गेली.

"एका चाकात दोन," मी म्हटलं.

तिने गाडीकडे बघितलं, चाकं मोजली आणि कागदाच्या कोपऱ्यात चारशे बारा लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मग कागद माझ्याकडे परत दिला. पुढे काय करायचं ते सांगितलं नाही, विचारलंही नाही. पलंगावरून सासूबाईंनी डोळे न उघडता म्हटलं की काय गं खुसपुसताय, आणि ती त्यांना पाणी द्यायला उठली.

सोमवारी मी तो कागद आणि त्यावर गोदामाची किल्ली मालकांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. गोदाम धाकटीला मिळालं. मी अजून माझ्या जुन्या स्टोअरमध्ये आहे. मालकांनी ठेवलं, कारण धाकटीने सांगितलं की ताईंशिवाय तिला जमणार नाही. आता बेअरिंगांचा राखीव साठा समोरच्या फळीवर असतो, हिरव्या पट्टीच्या खोक्यात, आणि आत्तासाहेब माझ्या खिडकीशी दहा मिनिटं कधीच उभे राहत नाहीत. किल्ली देताना मला जड गेलं नाही, खरंच सांगते. पण तिचं उत्तर बरोबर आलं होतं, शेवटच्या सहापर्यंत, आणि त्याचं माझ्या पोटात अजून दुखतं.